सबंध बांधावर तीन शेतं

...आणि परीक्षक कोण, तर मी! बारावीला गणितात दोनदा गचकलेला माणूस! का, तर मी रोज वही लिहितो, म्हणून म्हणे हुशार! तुम्हाला सांगतो, माझी पुतणी हर्षाली, तिला चेन्नईला गणितातल्या संशोधनाला जागा मिळाली, पाच वर्षं, शनिवारपर्यंत होकार कळवायचा, आणि तिचा बाप, म्हणजे आमचे अनंतादादा, काय म्हणाले? “तू काय करनार ते काकाला समजव. त्याला कळलं तर जा. नाय तर हितंच धसईत क्लास काढ!”

बसलो वही उघडून. हर्षाली म्हणाली, “काका, टोपॉलॉजी म्हंजे आकार ताणला, वाकवला, तरी त्याचं काय टिकतं ते बघायचं.” लिहून घेतलं. कळलं? नाय!

“पण काका, ह्या टोपॉलॉजीचे नियम लय मोकळे. त्यांत असा बांध बसतो, की त्याच्यावर कुठंबी पाय ठेवा, तिथं तीन शेतं लागतात.”

“कोपऱ्यावर लागतात की गो.”

“कोपऱ्यावर नाय, सबंध बांधावर!”

“कुठल्या गावात?”

“कुठंच नाय! तेच तर! म्हणून पाया नवा घालायचा, काका. खऱ्या आकारांना शोभंल असा. त्यात हे असले बांध बसनारच नायत.”

आता सांगा, जे कुठंच नाय, ते बाहेर काढायला चेन्नई कशाला? लिहून घेतलं. कळलं? नाय!

मग शुक्रवारी सकाळी म्हटलं, करूनच बघू. फावडं घेतलं, शेतावर गेलो, बांध जरा असा वळवला, जरा तसा... तर शेजारचा देवजी पळत आला. “काय रं, बांध सरकवतोस?” म्हटलं, “नाय रे, तिसरं शेत लावतोय.” “तिसरं? माझं एक गेलं ते पुरं नाय?” आता याला काय समजावू, मलाच समजलं नाय तर!

घरी आलो, तर दादा ओटीवर बसलेले, आणि हर्षाली चेन्नईचं पत्र घडी घालून डब्यात ठेवत होती. “ऱ्हाऊ द्या काका. क्लास काढीन मी.” एवढंच बोलली... आणि माझ्या तोंडून निघून गेलं हो, “दादा, कळलं! सगळं कळलं! पाठवा तिला!”

दादांनी माझ्याकडं बघितलं. “बरं. जाऊ दे तिला.” मग चटई झटकून अंथरली, मांडी घातली. “आता मला शिकव.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दादांना टोपॉलॉजी शिकवतो, वहीतलं वाचून, अक्षर न् अक्षर... आणि कहर सांगू?

त्यांना कळतंय!