बँकेचं माहेर

हॅलो?… हॅलो… हो, केळी संघाचंच ऑफिस. मी सेक्रेटरी धनसिंग बोलतोय… कोण? सुकदेवभाऊ? राम राम, राम राम. धुळ्याहून लागला का फोन?… जरा मोठ्याने बोला, विहिरीतून आल्यासारखा आवाज येतोय.

हो, हो… तुमची बहीण मजेत आहे. आत्ताच इथे चहा ठेवून गेली. कराराची नक्कल मिळाली ना? पारोळ्याच्या कंडक्टरजवळ दिली होती… सगळी वाचलीत? अहो, मी सहज पाठवली. वकील मेहुणा आहे, एकदा डोळ्याखालून जाऊ दे म्हटलं. इथे तर सगळं ठरलंय. उद्या उजाडलं की कटाई. आमची केळी पहिल्यांदाच आखातात चाललीत, भाऊ. बागेत जाऊन बघा, एकेक झाड असं वाकलंय, जशी लेकरू कडेवर घेतलेली बाई. बाहेर विळ्यांना धार लावताहेत, ऐकू येतं का?… तीच खरखर.

काय?… थांबवा म्हणजे?

कोणतं पान?… दुसरं. अहो, दुसऱ्या पानावर नुसते अर्थ आहेत. 'माल म्हणजे', 'बंदर म्हणजे'… 'परदेशी बँक म्हणजे'… असेल, तेही असेल.

नाही… ते नाही वाचलं.

अहो ऐका ना. सभेत मी करार मोठ्याने वाचून दाखवला. श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी वाचतो ना, तसाच. पोथीच्या मागे कठीण शब्दांचे अर्थ असतात, ते कोणी वाचतं का? निंबा तर खांबाला टेकून घोरत होता. म्हटलं, हे शब्दार्थ आहेत, पुढे चला.

हो, ते कलम वाचलं. व्यापाऱ्याने बँकेची हमी द्यायची, आणि बँक परदेशी असेल तर खाली भारतीय बँकेची सही हवी. उखर्डूआबांनी, आमच्या चेअरमननी, विचारलंही होतं, ती सही कुठाय म्हणून.

मी म्हटलं, लागतच नाही… कारण बँक मुंबईची आहे, भाऊ. हमीपत्र मी स्वतः जाऊन आणलं, फोर्टातून. नाव असेना का इंग्रजी. दार मुंबईत, पाटी मुंबईत. आणि दारावरचा वॉचमन कुठला निघाला सांगू? आपल्या पारोळ्याचा. माझी टोपी बघून म्हणाला, 'कथाईन उनात भाऊ?'… खरंच, कुठून आलात म्हणून आपल्या अहिराणीतच विचारलं. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, कशी आहे रे बँक? तर म्हणाला, आपलीज शे…

हसू नका ना… नाही, हसा.

हो, सभेत हेही सांगितलं. बँक डोळ्यांनी पाहून आलोय म्हटलं. आबांनी त्यांच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.

बरं, वाचा. हळू वाचा… 'भारताबाहेरच्या कायद्याने स्थापन झालेली बँक'… हं… 'मग तिची शाखा भारतात असली, तरीही'…

तरीही.

पुन्हा एकदा… नको. राहू द्या.

पण भाऊ, माझा जन्म व्हायच्या आधीपासून ती मुंबईत आहे म्हणतात. इतकी वर्षं नांदली ती तिथे… काय विचारलंत?

तुमच्या बहिणीला?… गावात काय म्हणतात?…

सोनगीरवाली.

हो… लग्नाला बारा वर्षं झाली. दोन्ही लेकरं इथलीच. माझ्या आईचं शेवटचं दुखणं तिने काढलं. तरी पाणवठ्यावर सोनगीरवाली, लग्नाघरी सोनगीरवाली. गावाने वेगळं नाव दिलंच नाही… मी? मीही तेच म्हणतो, भाऊ. कळलं. नांदायला कुठेही येऊ दे, जन्मली तिथली.

ऑपरेटरताई, ओ ताई, लाईन कापू नका. आणखी तीन मिनिटं वाढवा, वाढवा…

हॅलो… हो, आहे. म्हणजे उद्या माल बंदरावर नेला, आणि भाव पडला म्हणून व्यापाऱ्याने हात वर केले, तर?… हमी लागूच नाही. धरायला कोणी नाही. आणि कापलेला घड झाडाला परत जोडता येतो थोडाच.

मिळेल ना पण सही?… व्यापाऱ्याला लिहायचं, आठवडा लागेल. तेवढं झाड थांबतं. झाडांचं काही नाही, भाऊ. ती उभीच आहेत बिचारी. मी सांगायचं, एवढंच राहिलं.

भाऊ… एक कराल? एक तार टाका संघाच्या नावाने. 'गाडी नाही, कटाई थांबवा.' एवढीच. व्यापाऱ्याकडून आल्यासारखी… म्हणजे काम होईल, आणि… माझं नाव कशाला मध्ये? सोनगीरला कळलं तर जावई म्हणून कोणत्या तोंडाने येऊ मी?

हॅलो?… आहात ना?… बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर.

हो… मलाही ऐकू आलं, मी काय बोललो ते.

या आबा. या… धुळ्याचा फोन आहे, आमचे मेहुणे, वकील… नाही, तसं सगळं… तुम्ही बसा. खुर्चीवर बसा. मी उभा आहे ना.

भाऊ, आबा आलेत. हातात विळा आहे, हळद-कुंकू लावलेला. ठेवू फोन?… बरं, नका ठेवू. राहू द्या चालू.

आबा, विळे थांबवायला सांगा… उद्या कटाई नको… नाही, गाडी येतेय. व्यापाऱ्याचाही निरोप नाही. मी चुकलो आबा. तुम्ही सही विचारली होती, ती लागते. ते अर्थाचं पान मी न वाचताच उलटलं होतं.

बँक परदेशी आहे… मुंबईतच आहे हो, ते खोटं नाही सांगितलं. पण आबा, आमच्या घरातलीला गाव काय म्हणतं?… हं. तसं आहे ते.

ओरडा ना आबा.

एक घड कापलाय?… केव्हा?… मुहूर्ताचा म्हणून, दुपारीच. तुमच्या बागेतला. मारुतीपुढे ठेवलाय…

तो माझ्या दारात टांगायला सांगा. नाही आबा, टांगाच. तिथेच पिकू दे. येणारा-जाणारा विचारेल, हा एकच घड कसा काय कापला. सांगेन मी ज्याला-त्याला. पिकला की लेकराबाळांना वाटू. आणि आबा, शाल… असू द्या कशी? खांद्यावर ठेवता येणार नाही मला ती आता… बरं. आपण नंतर बोलू. आधी त्यांना विळे खाली ठेवायला सांगा.

हॅलो… भाऊ? ऐकलंत ना सगळं?… हं. थांबली खरखर… उद्या पहिल्या बसने येतो, ते पत्र लिहून द्या मला. आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा.

बहिणीला?… देतो ना. इथेच आहे, दाराशी. चहाची कपबशी न्यायला आली होती, तशीच उभी राहिली. केव्हापासून, कोण जाणे.

ये ना आत… प्रमिला. घे. तुझ्या भावाचा फोन आहे.