एकोणिसावी ओळ

परिषदेच्या हॉलबाहेर मावशी चहाचे कप भरत होत्या. रांगेत डॉक्टरकी शिकणारी एक मुलगी आणि तिचा वर्गमित्र बोलत होते.

"आता आपलाच पेपर वाचायचा. पाणी पिऊन घे," तो म्हणाला.

"वस्तीतल्या त्या आजोबांपुढे काय लिहिलंयस?"

"रुग्णांच्या तक्त्यातली एकोणिसावी ओळ ना? तपासणीला येणं सोडलं, असं."

"त्यांनी कुठे सोडलं? पेपर लिहायचा म्हणून आपणच तीन रविवार शाळेतलं तपासणी शिबिर बंद ठेवलं."

"अगं, असं कुणी लिहितं का?"

"परवा मी त्यांच्या घरी गेले होते. तिन्ही रविवारी सकाळी आठपासून शाळेच्या पायरीवर बसून होते म्हणे. धुतलेला सदरा घालून."

"मग?"

"आपण दिलेल्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. चौथ्या रविवारी गेले."

"गेले म्हणजे?"

"गेले रे."

"घरचे काय म्हणाले?"

"सुनेनं खुर्ची दिली बसायला. म्हणाली, मामंजी म्हणायचे, पोरांची परीक्षा असेल, त्यांना बोल लावू नका."

आतून त्यांचा पुकारा झाला. भरलेले कप तसेच ठेवून दोघं आत गेली. थोड्या वेळाने माइकवरून त्या मुलाचा आवाज बाहेर आला,

"आधी एक चूक सांगतो. एकोणिसाव्या ओळीतला माणूस आमची वाट बघत गेला."