गाठीचा श्वास

…आणि वर तो टेक्निशियन म्हणतो कसा, ‘हलू नका, काका!’ अरे, हलू कुठे? डोकं पिंजऱ्यात, नाकातोंडावर मास्क, घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा, आणि कानाशी कुणीतरी पत्रा ठोकतंय… ठक ठक ठक घर्रर्र… तुम्हाला सांगतो, त्या एमआरआयच्या नळीत माणूस इतका आवळला जातो, की भीतीसुद्धा बाहेरच उभी राहते. आत तिला जागाच नाही!

बरं, हे कशासाठी? तर माझ्या मेंदूतल्या गाठीला ऑक्सिजन किती मिळतो ते मोजायला. मला नाही हं, गाठीला! मला पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुला श्वास घ्यायला तरी फुरसत मिळते का?

त्यात आमची ताई. आदल्या दिवशी फोनवर, ‘हे बघ, ती मेली गाठ तुझ्याच श्वासावर पोसली जाते ना? मग कमी घे! उपाशी मार तिला!’ आणि मला पटलं की हो! आत गेल्यावर मी आपला चिमणीएवढा श्वास घेतोय, काटकसरीत… काचेपलीकडून तो टेक्निशियन, ‘काका, हलू नका, पण श्वास तर घ्या!’ माझी काटकसर चालूच. ‘काका, झोपलात का?’ शेवटी ओढलं बाहेर. डॉक्टरबाई आल्या, ताईचा सल्ला ऐकला आणि कपाळाला हात लावला.

‘अहो, गुदमरलेली गाठ चिवट असते, रेडिएशनला दाद देत नाही. श्वास मिळालेली लवकर मरते. तिला ऑक्सिजन पोचतोय असं दिसलं, तर आपल्याला आशा आहे.’

म्हणजे बघा! जी जिवावर उठलीय, तिलाच आग्रह करकरून वाढायचं! घे बाई, आणखी घे, लाजू नकोस… पुन्हा आत, पुन्हा ‘हलू नका’, पुन्हा ठक ठक. भाता झालो होतो मी, लोहाराचा भाता!

दुपारी निकाल. पडद्यावर माझी गाठ, रंगवलेली. ‘हे लाल दिसतंय ना, इथे छान पोचतोय. आणि हा निळा कोपरा…’ बाईंनी त्यावर बोट ठेवलं. ‘इथे नाही पोचत. रेडिएशन सुरू करू. लाल भाग दाद देईल. कोपऱ्याचं… बघू.’

‘बघू’! कचेरीत खिडकीवर बसून मी जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय. मला कुणी त्याचा अर्थ समजावायला नको.

बाहेर बाकावर बायकोने हात धरला. ‘अहो, बोला ना काहीतरी. रडा, ओरडा, माझ्यावर चिडा… असे दगडासारखे काय बसलात?’

काय सांगू तिला? सकाळपासून जो तो ‘हलू नका’ म्हणून बजावत होता… ‘आता हला’ असं अजून कुणी म्हटलेलंच नाही हो.