मैना म्हशीचा पान्हा

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता पाय सैल सोडून बसा. आज तुम्हाला एका गोठ्यात नेतो. आत काय काय आहे, आधी मोजून घ्या. म्हैस एक, तिचं नाव मैना. शेळ्या दोन. कोंबड्या पाच, त्यातली एक खुडूक. खुंटे चार, पण एक रिकामा. मैनेचं रेडकू दगावलं, त्याचा तो खुंटा. आणि दारात उभा एक माणूस – रंगराव चौगुले.

आता प्रश्न असा, की हुकूम दिला म्हणजे काम झालं का? लगेच माना हलवू नका. ऐका.

रंगराव रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी शिट्टी मारली की अख्खी टोळी फावडी घेऊन उठायची! आता घरी बसले, तरी आवाज तोच. बायको अक्काताई. मैनेला हात फक्त तिचाच चालायचा. रेडकू गेल्यावर म्हशी आटतात, पण अक्काताईनं ही टिकवली, रोज चार लिटर काढायची. त्यापायी बिचारी माहेरी मुक्कामाला जाणं विसरली होती.

आणि लेकीचा निरोप आला. वैजू, पहिलटकरीण, दिवस भरलेले – आई, तू ये. अक्काताई घुटमळली. रंगराव म्हणाले, जा, म्हशीचं मी बघतो. तिनं दोन गोष्टी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, मला शिकवू नको.

संध्याकाळी हा गडी बादली घेऊन थेट कासेखाली! मैनेनं एक लाथ दिली. बादली शेळ्यांत, रंगराव शेणात.

शेजारच्या शेवंताकाकू कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी उपाय सांगितला, आपल्याकडचा जुनाच – बायकोचं लुगडं गुंडाळून बसा, म्हशीला वाटंल तीच आली. हसू नका, इथे बसलेल्यांपैकी कुणी कुणी नेसलंय ते मला ठाऊक आहे! पण रंगराव पडले टापटिपीचे. त्यांनी ट्रंकेतलं लग्नकार्याचं लुगडं काढलं. इस्त्रीचं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. मैनेनं हुंगलं, फुर्र केलं, आणि बादली पुन्हा शेळ्यांत.

“भावजी, गोठ्यातलं लुगडं न्हेसा म्हटलं मी,” शेवंताकाकू म्हणाल्या. “तुमी तर वरातीला निघालाय.”

मग शेणाच्या वासाचं लुगडं आलं. मैनेनं जवळ येऊ दिलं. दोन धारा सुटल्या. रंगरावांना जोर चढला, ओरडले, “हां, सोड आता!” संपलं. जनावर घाबरलं की पान्हा वर चढतो. ती काही हट्टानं करत नाही, अंगच आखडतं. आपणही दचकलो की घास गिळवत नाही, तसंच आहे ते.

सकाळी कास ताठ आणि गरम. आणखी एक वेळ अशी गेली तर दगडी होणार, म्हणजे कास सुजून दगडासारखी होणार, सड कायमचे जाणार. रंगरावांनी फोन लावला. अक्काताई म्हणाली, पहिल्या गाडीनं येते. तेवढ्यात मागून वैजूचं कण्हणं ऐकू आलं. कळा सुरू झाल्या होत्या.

रंगराव हळू म्हणाले, “तू येऊ नगंस. तू काय काय करतीस तेवढं सांग. पयल्यापासनं.”

मंडळी, संसार होऊन इतकी वर्षं झाली, आणि हा प्रश्न आज विचारला! अक्काताईलाही सांगता येईना. रोजचं काम हातांना येतं, तोंडाला कुठे येतं? आठवून आठवून सांगत गेली. आधी रिकाम्या हातानं जायचं. पाठीवरून हात फिरवायचा. खालचं ओलं काढायचं, ओल्यात ती उभी राहत नाही. कास कोमट पाण्यानं धुवायची, पुढ्यात पेंड-भुशाचं आंबोण ठेवायचं, मग बसायचं. धार ओढायची नाही, ती सोडेपर्यंत थांबायचं.

“आणि बोलायचं न्हाई का काही?”

“बोला की. पर माझ्याशी बोलता तसं नगं.”

“मग कसं?”

“येणाऱ्या नातवंडाशी बोलाल, तसं.”

रंगराव गोठ्यात गेले. सांगितलं तसं सगळं केलं, आणि मैनेच्या पोटाला डोकं टेकून बसले. म्हणाले, “वैजूच्या पोटात दुखतंय गं. तिची आई तिच्यापाशी ऱ्हाऊ दे. एवढं कर.” शिट्टी मारणारा माणूस, पण आवाज शेवंताकाकूंपर्यंतसुद्धा पोचला नाही. सड मऊ पडले. धार बादलीच्या बुडावर वाजली, मग फेसात बुडून मुकी झाली. तीन लिटर भरलं. रंगरावांनी अक्काताईला फोन केला – ऱ्हा तू तिथंच.

आता तुम्ही सांगा. पहाटे तुमच्या घरात पहिलं कोण उठतं? कुठे जातं, कशाला आधी हात लावतं? पुरुष मंडळी खाली बघायला लागली! आज घरी जाल तेव्हा जेवायला बसण्याआधी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि हो, त्याच दुपारी रंगरावांना फोन आला. मुलगी. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम.