दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

मंडळी, जरा पुढं सरका. मला तुमची तोंडं दिसली पाहिजेत. आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे — लेकरू चुकीचं बोललं, तर चूक कुणाची? बोलणाऱ्याची, की विचारणाऱ्याची? अहो, माना काय हलवताय! अजून मी काही सांगितलंच नाही.

तर ऐका. सगुणा नावाची एक गवळण. दारात चार म्हशी, नवरा रामजी, आणि पोटची एकच पोर, हौसा. पोरीला सहावं लागलेलं. शाळेत नाव घालायचं, तर रामजीनं आधीच बजावलं, "शाळेनं घेतली तर घेतली. नाही म्हणाले, तर वासरांमागं जाईल." सगुणेचं स्वतःचं बालपण वासरांमागंच गेलेलं. तिला पाटीवर एक अक्षर काढता येत नव्हतं, आणि त्याची तिला फार लाज वाटायची. नाव घालायच्या दिवशी सकाळी पोरीची वेणी तिनं तीनदा सोडली, तीनदा घातली.

शाळेत तालुक्याहून वैद्य मॅडम आलेल्या — पोरं पहिलीत बसण्याजोगी झालीत का, ते बघायला. बाई वाईट नव्हत्या हो! आवाज तर साखरेसारखा. टेबलावर दोन सारखे पेले, दोन्हींत सारखं पाणी.

"सांग बाळ, कशात जास्त?"

"दोन्हींत सारखं," हौसा म्हणाली.

दारात उभ्या सगुणेनं श्वास सोडला. मग मॅडमनी एका पेल्यातलं पाणी उंच, बारीक बाटलीत ओतलं. पाणी चढलं गळ्यापर्यंत.

"आता सांग. कशात जास्त?"

हौसानं बाटलीकडं बघितलं. आणि मग — इथं लक्ष द्या — बाटली सोडून तिनं मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "बाटलीत."

मॅडमनी कागदावर लिहिलं. "अजून समज आली नाही. पुढच्या वर्षी आणा."

पुढचं वर्ष! पुढच्या वर्षी पोर कुठं असणार होती, ते सगुणेला पक्कं ठाऊक. ती शाळेच्या ओसरीच्या या टोकाला जाते, त्या टोकाला जाते, पदर बोटाला गुंडाळते, सोडते. शेवटी पोरीला कोपऱ्यात ओढलं.

"अगं वेंधळे, पाणी तेच ना? मग बाटलीत जास्त कसं?"

"त्यांनी परत विचारलं ना," हौसा म्हणाली.

"म्हणजे काय?"

"तू नाही का विचारत? हौसा, गोठ्याचं दार लावलंस? मी म्हणते, लावलं. मग तू परत म्हणतेस, लावलंस? तेव्हा ते लावलेलं नसतंच. मग मी पळते."

सगुणेला उमगलं. परत विचारलं म्हणजे आधीचं चुकलं, हा धडा घरी तिनंच गिरवून घेतला होता.

ती सरळ आत गेली. "मॅडम, एकदा तुमच्या जागी पोरीला विचारू द्या. उत्तर मी देते."

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं, बाहेरच्या रांगेकडं बघितलं, पण बाटलीतलं पाणी परत पेल्यात ओतलं आणि खुर्ची सोडली. हौसा खुर्चीत बसली, पाय लोंबकळत. एका पेल्यातलं पाणी तिनं स्वतः बाटलीत ओतलं आणि अगदी मॅडमच्या सुरात विचारलं, "सांग बाळ, कशात जास्त?"

"बाटलीत," आई म्हणाली. "बघ की किती वर आलंय."

पोर खुदकन हसली. "आई, खुळी का तू? बाटली बारीक आहे म्हणून वर आलंय. पेल्यातलंच ओतलं मी, थेंबसुद्धा सांडला नाही."

मॅडम खूश! वाकून कौतुकानं म्हणाल्या, "नक्की ना, बाळ?"

झालं. पोरीचं हसू गेलं. खुर्चीवरून उतरली, आईच्या लुगड्याला धरलं. "नाही... बाटलीत जास्त."

मॅडम पोरीकडं बघतच नव्हत्या. त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला होता. सकाळपासून तपासलेल्या पोरांच्या कागदांचा गठ्ठा समोर होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी दोनदा विचारलं होतं. पोरीकडं वळून म्हणाल्या, "हौसा, तू आधी सांगितलंस तेच बरोबर होतं. विचारताना मी चुकले." वरचा कागद फाडला, पोरीचं नाव पहिलीत घातलं. मग शिपायाला म्हणाल्या, "परत पाठवलेली पोरं अजून फाटकापाशी असतील. सगळ्यांना बोलवा."

सगुणा ओसरीवर बसून रडली. आनंद होताच, पण त्याहून राग जास्त होता, आणि तो स्वतःवर होता.

आता तुम्ही! हसताय काय? तुमच्या घरी काय चालतं? लेकरू खरं बोलतं, आणि तुम्ही भुवई उडवता — "खरंच? नक्की? बघ हं!" त्या भुवईपुढं चांगला मोठा माणूस डगमगतो, तिथं सहा वर्षांच्या पोरानं काय करावं? बुद्धी त्याची कमी नाही हो, तुमचा धाक जास्त आहे. माझा पांडुरंग बघा. एकदा हाक मारा, तो "मलाच मारलीस ना?" म्हणत नाही. उठतो आणि येतो.

काय गं बाळ, पिवळ्या फ्रॉकच्या? कळलं का तुला कीर्तन?

हो म्हणाली.

बास. मी परत विचारणार नाही. उचला टाळ.