चार वाजताची भाजी

हृदयाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. मी पुस्तकात डोकं घातलं. पान मात्र उलटलं नाही.

“तुझं बिनतेलाचं जेवून जीव उदास झाला होता गं. म्हणून महिनाभर रोज चारला वहिनीकडे चोरून जेवतोय.”

“तरीच शीळ घालत घरी येता!”

“तिच्या भाजीला काय चव असते! पण आज रक्ताचा रिपोर्ट. बिंग फुटणार.”

“रिपोर्ट सकाळीच आणलाय मी. उत्तम आहे.”

“कसा काय?”

“ती भाजी मीच जाऊबाईंकडे पोचवते. आपल्याच कढईतली.”

“म्हणजे बिनतेलाची?”

“आणि अळणी.”

“अगं, मग उद्यापासून मला तिथेही गोड लागायची नाही!”

“मी काही ऐकलंच नाही. तुम्ही आपले चोरूनच जा.”