सारंगकोटचा डोंगर

चालू वर्षीच्या कार्तिक शुद्ध पंचमीस, सकाळी दहाच्या सुमारास, बारामती बसस्थानकावर कळंबच्या गाडीची प्रतीक्षा करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापक अनंतरावांचे वर्तमानपत्र पहिल्याच पानावर अडले. कारण मागच्या बाकावर सावळाराम आणि सरूबाई हे वृद्ध दांपत्य पाचव्यांदा नेपाळास जाण्याविषयी वाद घालीत होते.

"आज सहलवाल्याला नावं द्यायची हायती, सरू. तुजं देऊ का न्हाय?"

"आदी सांगा, चार खेपांत तुमाला काय आवडलं?"

"लुंबिनीच्या वाटंवरचा ऊस! काय पेर, काय जाडी!"

"आन् चितवन?"

"तितली मोहरी. नुसतं पिवळंजर्द रान!"

"तितं गेंडा आलता."

"व्हय? कवा?"

"तुमी बांधावर उकिडवं बसून शेंगा मोजत व्हता, तवा."

"पोखऱ्याचं तळं मातर झ्याक. पाटानं पानी कसं खाली उतरवलंय!"

"आन् सारंगकोट?"

"तितं काय हाय?"

"तितं पहाटं बर्फाचा डोंगर सोन्यावानी व्हतो म्हनं. समदी बस वर गेली. तुमी मला खाली भाताची मळणी बघाय नेलं."

"आगं, तसली मळणी आपल्याकडं बघाय मिळती का?"

"आन् बर्फाचा डोंगर कळंबात मिळतो व्हय?"

अनंतरावांनी पान उलटण्याचे टाळले.

"मंग नगं देऊ तुजं नाव?"

"द्या की! समद्यांच्या आदी द्या. पन ह्या बारीला रानं तुमी एकटं बघा. मी डोंगर बघनार."